आठ फेब्रुवारीचा ऑगस्ट

...नाही, पण मला एक सांगा, घड्याळ तासभर मागं घेतलं तर कुणाच्या बापाचं काय जातं? तुम्ही करत नाही? मनगटावरचं घड्याळ पाच मिनिटं पुढं ठेवता ना, बस चुकू नये म्हणून? तेव्हा आभाळ कोसळतं? मी पण तेवढंच केलं हो! फक्त मनगटाच्या जागी सर्व्हर होता. आणि तुम्हाला सांगतो, सर्व्हरच्या वेळेला बोट लावलं की काय होतं ते मी ह्या डोळ्यांनी बघितलंय... अजून अंगावर काटा येतो. हे बघा... हे बघा, आला!

तर मी कुंदन. पिंपळगाव बसवंतला, हायवेला लागून, शेतकऱ्यांनी मिळून काढलेलं द्राक्षांचं पॅकहाऊस आहे, तिथं मी कॉम्प्युटर इन्चार्ज. आता इन्चार्ज म्हणजे काय, तर नाशिकला तीन महिन्यांचा कोर्स केला, आणि आमच्या चेअरमननी, झुंबरनानांनी, सगळ्यांच्या देखत विचारलं, "कुंदन, तुला ह्यातलं समजतं का रं?" आणि मी काय म्हणालो? "हो नाना!" झालं! सगळं दुखणं तिथनं सुरू. आमचे नाना म्हणजे काय माणूस! द्राक्षातली साखर मोजायचं यंत्र आणलं, तर ते यंत्र बरोबर दाखवतंय का हे नानांनी मणी चावून तपासलं, आणि यंत्रवाल्या कंपनीच्या माणसानं मान डोलावून यंत्रच दुरुस्त केलं! अशा माणसाला तुम्ही 'नाही' म्हणून दाखवा. गेली कित्येक वर्षं नाना काहीही विचारतात आणि माझ्या तोंडातनं आपोआप निघतं, "हो नाना!"

बरं, साल कुठलं? दोन हजार! म्हणजे आधीचं अख्खं वर्ष आम्ही कशात घालवलं? शतक बदललं की कॉम्प्युटर बंद पडणार, विमानं पडणार, लिफ्ट अडकणार! आमच्या पिंपळगावात लिफ्ट नाही, तरी लोक घाबरलेले. मी तीन वेळा सगळं तपासलं, ठराव झाला, चहा झाला, आणि एक जानेवारीला सकाळी सर्व्हर बघतो तर... सगळं जागच्या जागी! शतक बदललं आणि त्यानं हूं की चूं केलं नाही. मी छाती काढून फिरलो हो महिनाभर. आमची मनीषा, म्हणजे माझी बायको, तिनं तर आळीत सांगितलं, 'आमच्या ह्यांनी शतक सांभाळलं!' आणि पुढच्याच महिन्यात, तुम्हाला सांगतो, जे अख्ख्या शतकाला जमलं नाही ते मी एका बोटानं केलं!

आठ फेब्रुवारी. मंगळवार. हंगामातला पहिला कंटेनर. आमच्याकडे पहिली गाडी मुहूर्तावर निघते, ही रीतच आहे. पूर्वी टेम्पो असायचे तेव्हा पहिल्या टेम्पोची चिठ्ठी नाना स्वतःच्या हातानं लिहायचे आणि वर वेळ घालायचे. मुहूर्त दहा बाराचा, म्हणजे दहा वाजून बारा मिनिटांचा असला आणि लिहिता लिहिता साडेअकरा झाले, तरी वर काय? दहा बारा! पेनाची काही तक्रार नसायची. पण आता कागद काढतो कॉम्प्युटर, आणि वरची वेळ छापतो तोच, स्वतःच्या मनानं. त्या दिवशीचा मुहूर्त होता सकाळी दहा बाराचा. नाना पहाटे निघून वणीला गेले, देवीला पहिला घड वाहायला. तिथं मंगळवारची गर्दी, येताना टायर पंक्चर... नाना पॅकहाऊसला पोचले तेव्हा वाजले होते अकरा.

आत आले, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "कुंदन, कागद दहा बाराचा निघंल ना?"

मी म्हटलं, "नाना, अकरा वाजले. मशीन आपली वेळ आपणच टाकतं."

"मंग मशीनला सांग, दहा बारा वाजल्यात म्हून. त्याचं घड्याळ तुझ्याच हातात हाय ना?"

आणि मी काय म्हणालो? "हो नाना!"

आता सर्व्हरची वेळ बदलायची तर तारीख पण टाकावी लागते. मी टाकली. आठ, तिरकी रेघ, दोन, तिरकी रेघ, दोन हजार. आठ दोन दोन हजार! बरोबर आहे की नाही? तुमच्या लग्नपत्रिकेवर तुम्ही कशी लिहिली होती? अशीच ना? पण सर्व्हर पडला अमेरिकेचा! तिकडं महिना आधी आणि दिवस मागनं! म्हणजे महिना आठवा, तारीख दोन. मी एन्टर दाबलं... आणि अख्खं पॅकहाऊस फेब्रुवारीतनं उडी मारून ऑगस्टात! बाहेर गाडीत द्राक्षं भरताहेत, आणि सर्व्हरच्या मते बागेची छाटणी होऊन चार महिने झालेत!

ह्यानं काय बिघडलं म्हणता? थांबा. त्या सर्व्हरच्या पोटात एक डिरेक्टरी असते. टेलिफोनची नव्हे! पॅकहाऊसमधला कॉम्प्युटरवर बसणारा प्रत्येक माणूस, प्रत्येक प्रिंटर, सगळं तिच्यात नावानिशी, आणि ते लावलेलं असतं झाडासारखं. मध्ये खोड, मग फांद्या, वजनकाटा ही एक फांदी, निर्यात ही एक, कोल्ड स्टोअर ही एक, आणि फांद्यांना पानं म्हणजे आपण. कुणाला कुठला कागद काढता येतो ते सगळं तिथं. तिच्यात तुमचं नाव आहे, तर तुम्ही आहात. नाही, तर तुम्ही समोर खुर्चीवर बसून शिंकत असलात तरी तुम्ही नाही! मला हे कोर्समध्ये शिकवलं होतं, पण खरं कळलं त्या दिवशी.

कारण प्रत्येकाचा पासवर्ड चाळीस दिवसांनी बदलायचा असा नियम. आणि सर्व्हर म्हणतोय सहा महिने झाले! पहिली आली निर्यातीची मोहिनी, "कुंदनदादा, मला म्हणतंय मुदत संपली." मग वजनकाट्यावरचा सुनील, "मला बी!" मग सगळेच! पाच मिनिटांत एक माणूस आत राहिला नाही. मी बघितलं, चूक कळली, आणि पटकन तारीख ओढून परत फेब्रुवारीत आणली. म्हटलं मिटलं. मिटतंय कसलं! सर्व्हर म्हणतो, अरे बाबा, माझ्या दप्तरात मी आत्ताच ऑगस्टची तारीख घातलीय, आणि तू म्हणतोस फेब्रुवारी? मी बापाचा मुलगा का आजोबाचा? आणि स्क्रीनवर ओळ उमटायला लागली, 'सिंथेटिक टाइम'... म्हणजे खरी वेळ उरलेली नाही, कृत्रिम वेळेवर भागवतोय! टुंग! दर दोन मिनिटांनी टुंग! आणि तुम्हाला सांगतो, त्या टुंगनं माझं डोकं फिरलं आणि मी... मी वायर खेचली. हो, भिंतीतली वायर. लिहिता लिहिता त्याच्या हातातलं दप्तर ओढून घेतल्यासारखं झालं ते. परत चालू केला तर म्हणे, डिरेक्टरी उघडता येत नाही. बिघडली आहे. संपलं. झाडच नाही!

आणि बाहेर? बाहेर कंटेनर! चारच्या आत हायवेला लागला नाही तर बंदरावरचं जहाज चुकणार, जहाज चुकलं तर हॉलंडचा माणूस माल नको म्हणणार. ज्यांची द्राक्षं त्यात होती ते चौदा शेतकरी नारळ घेऊन उभे. आणि कागदाशिवाय गाडी हलत नाही, आणि कागद कोण काढणार? कॉम्प्युटर कुणाला ओळखतच नाही! आमचे धोंडीराम आबा, सगळ्यात जुने बागाईतदार, पुढं आले आणि म्हणाले, "नाना, ज्याच्या हातनं ह्ये झालं, त्याला आजच्या आज घरी पाठवा."

मी नानांकडं बघितलं. म्हटलं, आता सांगतील. आता म्हणतील, मीच सांगितलं होतं पोराला. नानांनी वर छपराच्या पत्र्याकडं बघितलं आणि म्हणाले, "पाठवू."

पाठवू! हो, मी ऐकलं ते! घरी जाऊन मनीषाला काय सांगू, शतक सांभाळणारा माणूस मंगळवारी पडला म्हणून? पण तोंडातनं काय निघालं? "हो नाना..."

नाशिकला फोन केला, ज्यांनी सर्व्हर बसवून दिला त्यांच्याकडं. साडेबाराला एक कायनेटिक येऊन थांबली. हेल्मेट काढलं... बाई! मंजुषा मॅडम. तिशीच्या आतबाहेर, खांद्याला एक पिशवी, पिशवीत दोन फ्लॉप्या आणि एक डबा. आबा मला हळूच म्हणाले, "आरं, मोठा इंजिनेर कवा येनार?" मॅडमनी ऐकलं, हसल्या नाहीत, रागावल्या नाहीत, नुसतं विचारलं, "सर्व्हर कुठं आहे?"

बसल्या. दोन मिनिटं बघितलं. मग मान न वळवता, "घड्याळाला कुणी हात लावला?"

नानांनी परत पत्र्याकडं बघितलं. मी म्हटलं, "बहुतेक... लाइट गेली होती."

"लाइट गेल्यानं ऑगस्ट येत नाही," मॅडम म्हणाल्या.

एवढंच! पुढं एक शब्द नाही! डॉक्टर जिभेकडं बघून सोडून देतो तसं सोडून दिलं मला. आणि मग त्या बाईनं जे सुरू केलं... तुम्हाला सांगतो, मी आयुष्यात काही बघितलं असेल तर ते. आधी तिनं डिरेक्टरीला आतनं कडी लावली. म्हणाली, दुरुस्ती चालू असताना आत कुणी जायचं नाही, मीसुद्धा नाही. आणि दुरुस्तीचा प्रोग्राम सोडला. स्क्रीनवरनं एकेक नाव वर सरकायला लागलं. मोहिनी... सुनील... वजनकाट्याचा प्रिंटर... प्रत्येक नाव उचलायचं, झाडायचं, खोडाशी नातं तपासायचं, तारीख बघायची, खाली ठेवायचं. भांडी घासून पालथी घालावीत तसं! आम्ही चौदा शेतकरी, नाना, मी, सगळे त्या बारक्या खोलीत श्वास धरून उभे. टोप्या काढल्या हो काही जणांनी! कुणी सांगितलं नव्हतं.

शेवटी आकडा आला. चुका, चारशे बारा.

"अरे देवा," मी म्हणालो.

"पुन्हा चालवायचं," मॅडम म्हणाल्या. "शून्य येईपर्यंत."

दारात चिमणाबाई उभी. पेठकडची, पॅकिंगच्या बायकांची मुकादम, सकाळपासनं पेट्या भरतेय. आत डोकावून म्हणाली, "दादा, ह्यात माझं नाव हे का?"

मी म्हटलं, "नाही बाई, पॅकिंगच्या बायकांची नावं नाहीत ह्यात."

"मंग बरं हे," ती म्हणाली, "आमाला काय झालं नाय." आणि गेली पेट्या भरायला! अख्ख्या पॅकहाऊसमध्ये तेवढ्या चाळीस बायकाच काय त्या शाबूत.

दुसऱ्यांदा, चुका सदतीस. आबा पुढं सरकले, "मॅडम, मुळी जित्ती हाय ना? मुळी जित्ती असली की फुटवा येतोच." आणि त्या बाईनं पहिल्यांदा मान वर केली आणि आबांना म्हणाली, "बरोबर, काका. मूळ चांगलं आहे." आबा असे फुलले! मला वाटलं, हे दोघं आता बागेचं बोलताहेत का मशीनचं, आणि मी कोर्स करून काय शिकलो?

तिसऱ्यांदा... शून्य. शून्य हो! मी देवीला नारळ बोलून टाकला मनातल्या मनात. मॅडमनी झाड उघडून दाखवलं. फांद्या जागेवर, पानं जागेवर. एकदम जुनं नाव दिसलं, झिपरू. आमचा जुना स्टोअरकीपर, वारून दोन वर्षं झाली, नाव काढायचं राहून गेलेलं. मॅडम म्हणाल्या, "हे काढू?" नाना पटकन म्हणाले, "नको. ह्या पॅकहाऊसची पहिली पेटी त्यानं भरलीय. ऱ्हाऊ द्या." मला गलबलून आलं. आणि तेवढ्यात मॅडमचं बोट खाली सरकलं आणि थांबलं. एका पानाच्या जागी नुसतं प्रश्नचिन्ह. खाली लिहिलेलं, 'अननोन'. अनोळखी!

"हे कोण?" मॅडमनी विचारलं.

मी मोजलं. वरनं मोजलं, खालनं मोजलं. कोण राहिलंय? सगळे आहेत, झिपरूभाऊ आहेत, प्रिंटर आहेत... "नाना," मी म्हणालो, "हे तुम्ही आहात."

गेलेला माणूस शाबूत आणि बसलेला चेअरमन प्रश्नचिन्ह! नानांनी चष्मा लावला, वाकून बघितलं. मॅडम म्हणाल्या, "हे दुरुस्त होण्यापलीकडं गेलंय. नानांना काढून टाकावं लागेल आणि नव्यानं घालावं लागेल. पण लगेच घालता येणार नाही. आधी सगळ्यांच्या ऑगस्टच्या तारखा पुसायच्यात, त्यासाठी नवं युग जाहीर करावं लागेल. मग नाना."

"काय जाहीर करावं लागंल?" आबा.

"नवं युग," मॅडम म्हणाल्या. आणि खरंच! मी वाकून वाचलं, स्क्रीनवर तसंच लिहिलं होतं, 'डिक्लेअर न्यू इपॉक'. म्हणजे जुना काळ रद्द, आतापासनं नवा काळ सुरू, सगळ्या पानांनी नव्या काळाची तारीख लावून घ्यावी. हे आमच्या पिंपळगावात, कोल्ड स्टोअरच्या शेजारच्या खोलीत, एक बाई डबा बाजूला ठेवून करणार! युगं कोण बदलतं हो? आपण लहानपणापासनं काय ऐकलंय? त्याला किती लाख वर्षं लागतात? आणि हिला एक बटण!

"नाना, काढू तुम्हाला?"

"किती वेळ नसंन मी?"

"दहा मिनिटं."

नाना मिशीला हात लावून म्हणाले, "काढा." आणि मॅडमनी काढलं. टक्! नाना गेले. म्हणजे खुर्चीवर होते, पण नव्हते. हात मांडीवर ठेवून, नुसते साधे म्हातारे गृहस्थ बसल्यासारखे बसले होते.

मग मॅडम वळल्या, आमच्या सगळ्यांकडं. "हे युगाचं बटण दाबण्याआधी मला कळलं पाहिजे. घड्याळ कुणी फिरवलं? कारण पुन्हा फिरवलं तर माझ्या हातात काही उरणार नाही."

मला कळलं, आली वेळ. चौदा शेतकरी बघताहेत. मी घसा खाकरला. "मॅडम, ते... मी..."

"थांब," नाना म्हणाले. "त्याचा दोष नाय. घड्याळ मी फिरवाया लावलं. मुहूर्त चुकला व्हता माझा."

आबांनी वळून बघितलं. "मंग मघाशी 'पाठवू' का म्हनले?"

"मघाशी मी चेअरमन व्हतो," नाना म्हणाले.

तुम्हाला सांगतो, त्या माणसाबद्दल जे काही वाटत होतं ना, राग, भीती, सगळं तिथं विरघळलं. मी खाली बघायला लागलो, डोळ्यांत पाणी आलं होतं आणि आबांना दाखवायचं नव्हतं. मॅडमनी मान हलवली आणि बटण दाबलं. काही झालं नाही हो! वीज नाही, गडगडाट नाही, एक ओळ आली आणि गेली. युग बदललं. नुसतं, असं. टुंग बंद. आणि नव्या युगात मॅडमनी पहिलं नाव घातलं ते नानांचं. मग एकेकाला बोलावलं, नवा पासवर्ड दिला, मोहिनी आत गेली, सुनील आत गेला, मी आत गेलो. मला ओळखलं त्यानं! हसू नका, पण आईनं हाक मारल्यासारखं वाटलं.

प्रिंटर घरघरला आणि कागद निघाला. नानांनी दोन्ही हातांनी घेतला, वेळ वाचली. तीन चाळीस.

"मंगळवार, तीन चाळीस," आबा म्हणाले, आणि त्यांचा चेहरा पडला. "नाना... राहुकाळ चालू हाय की! तीन ते साडेचार!"

आणि साडेचारपर्यंत थांबायचं तर जहाज गेलं! सगळ्यांनी नानांकडं बघितलं. नानांनी माझ्याकडं बघितलं. चेअरमन झाले होते परत, दिसत होतं ते. "कुंदन," नाना म्हणाले, "मशीन फकस्त एक तास पुढं..."

तोंड उघडलं मी. आतनं काय येणार ते तुम्हाला माहितीय, मलाही माहिती होतं. पण मॅडम तिथंच उभ्या होत्या, हेल्मेट हातात घेऊन, आणि ते सरकणारं एकेक नाव माझ्या डोळ्यांपुढं आलं आणि... "नाही नाना," मी म्हणालो.

मीच घाबरलो स्वतःला. नानांनी टोपी सारखी केली. मग म्हणाले, "बरं."

आणि उठले. स्टूल मागवलं. वजनकाट्याच्या वर भिंतीला घड्याळ आहे, साधं, सेलवरचं, ते उतरवलं, पुसलं, आणि मॅडमना विचारलं, "ह्याला डिरेक्टरी नाय ना?"

"नाही," मॅडम म्हणाल्या.

"मंग झालं तर." नानांनी काटा अख्खा एक फेरा फिरवला, घड्याळ परत टांगलं, आणि चार पंचेचाळीसला, राहुकाळ संपून पाव तास झाल्यावर, भिंतीकडं बघत नारळ फुटला आणि गाडी निघाली. पोचली! जहाज मिळालं, हॉलंडचा माणूस खूश, सगळं छान. आता ज्या घड्याळानं एवढं यश दिलं ते मागं कोण घेणार? कुणाची छाती आहे? तीन वर्षं झाली, ते तसंच टांगलेलं आहे, एक तास पुढं. आणि नाना? सकाळी मी आलो की नाना भिंतीवर बघतात, "नऊ वाजून गेले की रं कुंदन!" आणि संध्याकाळी मी पिशवी उचलली की म्हणतात, "भिंतीवरचं नको सांगू, सर्व्हरमधी किती वाजल्यात त्ये सांग. मशीन खोटं बोलत नाय." रोज एक तास जास्त बसतो मी. मनीषाला सांगितलं, तर म्हणते, नव्या युगात असंच असेल!